चौथा टाका

ही गोष्ट मी रचलेली नाही.

रचली असती, तर रात्रीची वेळ घेतली असती. अमावस्या घेतली असती, पिंपळ घेतला असता. इथे यातलं काहीच नाही. नागपूरची भरवस्तीतली इतवारी. १९३४ सालचा मार्गशीर्ष. सोमवार. दुपारचे दोन वाजलेले, रस्त्यावर लख्ख ऊन, आणि दुकानात गिऱ्हाईक बसलेलं.

त्या दुपारी मुकुंद हरकरे यांनी जे पाहिलं, ते त्यांनी आयुष्यात एकदाच सांगितलं. आपल्या मुलीला, लतिकाताईंना. तेही मान खाली घालून. लतिकाताईंनी मला सांगितलं, तेव्हा त्यासुद्धा माझ्याकडे बघत नव्हत्या.

भीतीमुळे नाही.

लाजेमुळे.

मुकुंद तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. मॅट्रिक झालेला, बोलणं गोड, राहणी नीटस. ताराचंद शेटच्या शिवणमशीनच्या दुकानात तो विक्रीला होता. शेट कौतुकानं म्हणायचे, "मुकुंदा, तू टकल्याले कंगवा विकशील गा!"

मुकुंदला ते ऐकायला फार आवडायचं.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. सकाळी एक बाई दुकानात आली. काष्ट्याचं लुगडं, पाय अनवाणी, कडेवर दोनेक वर्षांचं पोर. तिचा नवरा उंबऱ्याबाहेरच थांबला.

"रंभाबाई नाव माझं," ती म्हणाली. "आम्ही अंभोऱ्याचे ढीवर. नावेवरच राहतो."

अंभोरा म्हणजे वैनगंगेचा काठ. पावसाळा ओसरला की या लोकांचा संसार नावेवर चढायचा, तो होळीपर्यंत. धान न्यायचं, मोहफुलं न्यायची, माणसं न्यायची. तट्ट्याच्या छपराखाली चूल आणि चुलीशेजारीच झोप.

"मले मशीन पाहिजे भाऊ. पायाची नको. नावेत पाय पसरायले जागा नाही, अन् नाव हलते. हाताची द्या, पेटीतली. पण जाड शिवणारी. ताडपत्री, किंतान, तंबूचं कापड, सारं शिवली पाहिजे. अन् पयले तर याचा पट्टा शिवाचा हाय."

पोराच्या कमरेला सुतळीची दोरी होती. दोरीखालची कातडी लाल झाली होती. एका जागी तर सोललीच होती.

"हा चालायले लागला," रंभाबाई म्हणाली. "खांबाले बांधल्याबिगर नावेवर ठेवता येत नाही. दोरीनं कंबर सोलून राहिली लेकराची. हातानं पट्टा शिवला, तं तो उसवला."

तिनं कनवटीतून तंबूच्या कापडाचा एक तुकडा काढला. चार पदरी घडी घातली.

"यावर चालवून दाखवा."

बाई हुशार होती. मुकुंदनं दुकानातली जाड कामाची मशीन खाली ठेवली. तशी एकच होती. रंभाबाई स्वतः जमिनीवर बसली. पोर मांडीवर. उजव्या हातानं तिनं चाक फिरवलं. चार पदरांतून सुई अशी गेली, जशी लोण्यातून. टाके मुंग्यांच्या रांगेसारखे एकामागे एक.

तिनं शिवण दातात धरून ओढली. उसवली नाही. मग ती हसली.

"हीच द्यान ना भाऊ?"

"हीच," मुकुंद म्हणाला.

पण ती मशीन कामठीच्या एका तंबूवाल्यानं आधीच सांगून ठेवली होती. तो त्याच संध्याकाळी न्यायला येणार होता. दुसरी यायला पंधरा दिवस होते. 'पंधरा दिवसांनी या,' एवढंच म्हणायचं होतं.

शेट दुकानात नव्हते. कोणी शिकवलं नाही, कोणी दबाव टाकला नाही. हे मुकुंदरावांनी लतिकाताईंना दोनदा सांगितलं. "मला कोणीच सांगितलं नव्हतं गं. मीच केलं."

आतल्या खोलीत एक घरगुती मशीन होती. तसाच काळा रंग, तशीच सोनेरी वेलबुट्टी, तशीच लाकडी पेटी. सदरे, चोळ्या शिवायला उत्तम. पण जाड कापड आलं की चार टाक्यांत एक सोडायची. वरून शिवण सरळ दिसायची, पण चौथा टाका खालच्या दोऱ्यात अडकतच नसे. मुकुंदला हे चांगलं ठाऊक होतं.

त्यानं ती पेटीत घातली. पेटी बंद करून बाहेर आणली.

नावेवरची बाई. एवढ्या लांबून परत कोण येतंय?

रंभाबाईनं पेटी डोक्यावर घेतली. जाताना वळून म्हणाली, "तुमचे लेकरं सुखी राहो भाऊ."

मुकुंदला तेव्हा लेकरू नव्हतं. तरी त्याला ते ऐकून कसंसंच झालं. संध्याकाळी शेट म्हणाले, "दोन्ही मशिनी एकाच दिवशी? वा रे पठ्ठ्या!" आणि मग ते कसंसं वाटणंही गेलं.

त्यानंतर महिना गेला.

आणि तो सोमवार आला.

एका वकिलाच्या पत्नी, कुसुमताई, मुलीच्या रुखवतासाठी मशीन बघत होत्या. ताराचंद शेट गादीवर बसले होते. मुकुंद रंगात येऊन बोलत होता.

बोलता बोलता त्याला वास आला...

ओल्या चिखलाचा. शेवाळाचा.

त्यानं वर पाहिलं. समोर रंभाबाई उभी होती.

कडेवर पोर नव्हतं. लुगड्याचा काठ ओला होता. केस सुटून गालाला चिकटले होते. हातात एक पट्टा होता, मधोमध उसवलेला.

"भाऊ... मशीन टाका सोडते."

शेट बघताहेत, वकिलीणबाई बघताहेत, एवढंच मुकुंदच्या डोक्यात आलं.

"कोणती मशीन?" तो म्हणाला.

"तुमीच तं देल्ली भाऊ."

"मी नाही देली. मी तुम्हाले ओळखतही नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागानं नाही. कोणीतरी आपल्याशी असं बोलतंय, हे तिला नीट समजत नसावं, तसं.

"मशीन नका बदलू," ती हळूच म्हणाली. "एवढा पट्टा शिवून द्या. लेकरू नावेवरच हाय. त्याले बांधाचं हाय."

"हे शिंप्याचं दुकान नाही! सांगितलं ना, ओळखत नाही मी तुम्हाले! जा!"

मुकुंदचा आवाज चढला होता.

रंभाबाईनं पट्टा छातीशी धरला. आणि पायऱ्या उतरून गेली.

"मुकुंदा," शेट गादीवरून म्हणाले, "कोणावर ओरडून राहिला गा?"

मुकुंद हसला. "ती बाई, शेटजी. आत्ता गेली ती."

"कोणती बाई?"

त्यानं कुसुमताईंकडे पाहिलं. त्या दोन पावलं मागे सरकल्या होत्या. त्यांचे डोळे मात्र जमिनीवर होते.

"इथं पाणी कोणी सांडलं?" त्या म्हणाल्या. "आत्ता तर कोरडं होतं..."

फरशीवर पाण्याचं थारोळं होतं. त्यात बारीक वाळू होती.

मशीन न घेताच त्या गेल्या.

मुकुंदनं स्वतःची समजूत घातली. शेटचं लक्ष नसेल. वकिलीणबाईंना अशा बाया दिसतच नाहीत. फरशी त्यानं स्वतः पुसली. ती वाळू मात्र कोनाकोपऱ्यातून दोन दिवस निघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता आतल्या खोलीतून आवाज आला...

खट्. खट्. खट्.

मग काहीच नाही.

पुन्हा... खट्. खट्. खट्.

आणि पुन्हा ती रिकामी जागा.

"आत कोण मशीन चालवून राहिलं?" शेटनं विचारलं.

म्हणजे शेटलाही ऐकू आलं होतं!

मुकुंद आत गेला. सगळ्या पेट्या बंद. खोलीत कोणी नाही. नमुना दाखवायच्या मशीनखाली मात्र कापड सरकवलेलं होतं. त्यावर बोटभर लांब शिवण. तीन टाके आणि एक मोकळी जागा. तीन टाके आणि एक मोकळी जागा.

त्यानं हात लावला. दोरा ओला होता.

मुकुंदनं ती शिवण उसवली. कापड खिशात कोंबलं. बाहेर येऊन म्हणाला, "कोणी नाही शेटजी. उंदीर असेल."

बुधवारी तसंच झालं. गुरुवारीही. रोज दोनच्या ठोक्याला. शिवण रोज थोडी लांब व्हायची. मुकुंद रोज उसवायचा. घरी तो जेवेना. बायको अरुंधती विचारून थकली.

"काय झालं? शेट बोलले का काही?"

"काही नाही."

तिला काय सांगणार? भुताचं सांगितलं असतं, तर आधी मशीनचं सांगावं लागलं असतं.

असे दहा दिवस गेले. मग एका सकाळी रंभाबाईचा नवरा आला. त्याचं नाव नत्थूजी. खांद्यावर पोर, बगलेत ती लाकडी पेटी.

मुकुंदनं त्याला रस्त्यावरच पाहिलं. हा भांडायला आला, असं त्याला वाटलं.

तो आतल्या खोलीत लपला.

सव्वीस वर्षांचा बाप्या माणूस, पेट्यांच्या थप्पीमागे उकिडवा बसला.

बाहेरचं बोलणं त्याला ऐकू येत होतं. नत्थूजी भांडत नव्हता.

"हे मशीन ठेवून घ्या शेटजी. चालवणारी गेली."

"गेली? कुठं गेली?"

"वैनगंगेत."

नत्थूजी सांगत होता. पोर खांबाला बांधलं होतं. नवा पट्टा होता. संगमाजवळ नावेला हिसका बसला. पोर नावेच्या काठाला लोंबकळलं, आणि पट्टा मधोमध उसवला. रंभाबाईनं मागचा-पुढचा विचार न करता उडी घातली. पोराला नवऱ्याच्या हाती दिलं. तिचं लुगडं खाली कशात तरी अडकलं. पोहणारी बाई, पण वर आली नाही. तिसऱ्या दिवशी सापडली.

"तेरवी झाली काल," नत्थूजी म्हणाला. "चंपाषष्ठीले गेली. बुधवारी."

थप्पीमागे मुकुंदनं बोटं मोजली. चंपाषष्ठीचा बुधवार. आणि ती दुकानात आली तो सोमवार...

पाच दिवसांनंतरचा.

"मशिनीले नाव ठेवत नाही मी," नत्थूजी पुढे म्हणाला. "मशीन तं चांगलीच असंल. तिनं माझ्यासमोर पारखून घेतली होती. तिचाच हात कच्चा निघाला. साऱ्या गावानं तो पट्टा पाहिला. सारे तेच म्हणतात. मायनंच लेकराले बुडवलं असतं."

तेव्हा उठायला हवं होतं. बाहेर येऊन एक वाक्य बोलायला हवं होतं.

मुकुंद उठला नाही.

शेट भला माणूस. त्यांनी मशीन परत घेतली, सगळी किंमत दिली, पोराच्या हातावर खडीसाखर ठेवली. नत्थूजी नमस्कार करून गेला. त्याची पावलं दूर गेली, तेव्हा मुकुंद बाहेर आला.

"कुठं होता गा?" शेट म्हणाले. मग त्याचा चेहरा बघून त्यांनी स्वतःच पेटी फळीवर ठेवली.

त्या दुपारी दोन वाजता आवाज आला नाही.

मुकुंद वाट बघत बसला. सव्वादोन. अडीच. काहीच नाही. त्या शांततेनं त्याला जेवढं घाबरवलं, तेवढं त्या खटखटीनं कधी घाबरवलं नव्हतं. परत आलेली पेटी समोर फळीवर होती.

तिच्या झाकणाखालून पाण्याची धार लागली...

अगदी बारीक. थेंब थेंब. फळीवरून खाली.

जाड कामाची नवी मशीन कधीचीच आलेली होती. मुकुंदनं ती स्वतःच्या पगारातून घेतली. कुहीपर्यंत मोटारनं गेला. तिथून बैलगाडीनं अंभोऱ्याला. मांडीवर पेटी. वाटेत त्यानं शंभर वेळा वाक्य जुळवलं आणि शंभर वेळा मोडलं.

नाव घाटाला लागली होती. नत्थूजी धावतच पुढे आला.

"बाप्पा! दुकानातले बाबू तुम्ही! एवढ्या दूर?"

पोर खांबाला बांधलं होतं. पुन्हा त्याच सुतळीनं.

"पट्टा शिवून द्यायला आलो," मुकुंद म्हणाला. जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं.

नत्थूजीनं त्याला नावेत बसायला घोंगडी दिली, चहा केला. "देवमाणूस आहा बाबू तुम्ही," तो म्हणाला, आणि वाकून त्याच्या पायाला हात लावला.

पाय ओढून घ्यायचंही मुकुंदला सुचलं नाही.

त्यानं मशीन मांडली. तंबूचं कापड, चार पदर. चाक फिरवलं.

खट्. खट्. खट्.

मग हाताला काहीच लागलं नाही.

खट्. खट्. खट्...

त्यानं कापड ओढून पाहिलं. तीन टाके आणि एक मोकळी जागा. नवीकोरी मशीन! सुई बदलली. दोरा बदलला. पुन्हा तेच. नत्थूजी वाकून बघत होता.

"म्हणजे तुमच्याही हातानं टाका सुटून राहिला?" तो गोंधळून म्हणाला. "मंग रंभीचाच काय दोष होता?"

"तिचा नव्हताच," मुकुंद म्हणाला.

आणि मग त्यानं सांगितलं. दाखवलेली मशीन वेगळी. पेटीतली वेगळी. मी बदलली. मला माहीत होतं, ती टाका सोडते.

पाणी नावेला थापट्या मारत होतं.

मग नत्थूजीनं मुकुंदला बाजूला सारलं. स्वतः मशीनपाशी बसला. त्याला शिवता येत नव्हतं. तरी त्यानं बायकोनं फिरवलेलं पाहिलं होतं, तसं चाक फिरवलं. वेडीवाकडी शिवण पडली. पण पडली. टाक्याला टाका लागून. एकही सुटला नाही.

त्यानं पट्टा दोन्ही हातांनी ओढला. शिवण टिकली.

"मले काहून सांगितलं बाबू?" तो खालीच बघत म्हणाला.

नत्थूजीनं पट्टा मांडीवर ठेवला.

"पोरगं माझ्या हाती देल्लं तिनं. ती पाण्यातच होती. अन् मी काय बोललो तिले? 'तुले एक पट्टाबी धड शिवता येत नाही वं!' ओरडलो मी. शेवटचं तेच ऐकलं तिनं." त्यानं डोळे वर केले. "आता हे मी कोणाले सांगू? कोणाची माफी मागू? तुम्ही तं सांगून मोकळे झाले."

मुकुंद उठला. घोंगडी ओलांडली. फळीवरून काठावर उतरला. कोणी त्याला थांबवलं नाही.

आणि इथेच त्याला कळलं, की तो मोकळा झालाच नव्हता.

मशीन बदलली, हे त्यानं सांगितलं होतं. पण ती दुकानात आली होती, हे नाही. पट्टा घेऊन आली होती. एवढा शिवून द्या म्हणाली होती. आणि मी ओळखत नाही म्हणालो. ते सांगितलं नव्हतं. तोंडातून निघालंच नव्हतं.

घाटाच्या वरच्या पायरीवर एक बाई बसली होती. पाठमोरी. पदर पिळत होती.

ऊन होतं. कोरड्या पायरीवर पाणी टपकत होतं...

मुकुंदला तिच्या शेजारूनच जावं लागणार होतं. तो मान खाली घालून चढला. ती वळली नाही. फक्त विचारलं.

"सांगितलं का भाऊ... सारं?"

मुकुंद थांबला. परत फिरता आलं असतं. नाव वीस पावलांवर होती.

"हो," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली.

बस्स, एवढंच. बैलगाडीत बसून त्यानं मागे पाहिलं, तेव्हा पायरी रिकामी होती.

मुकुंदरावांनी ते दुकान सोडलं. एका शाळेत कारकून झाले. मुलं झाली, नातवंडं झाली. कोणाला काही झालं नाही. ना आजार, ना अपघात. एकोणऐंशीव्या वर्षी अंथरुणाला खिळले, तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी हे सगळं लतिकाताईंना सांगितलं.

ऐकताना लतिकाताईंच्या अंगावर काटा आला, तो भलत्याच कारणानं.

लहानपणापासून त्या बघत आल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी दुपारी बाबा कधी झोपत नसत. दोन वाजले की दाराकडे बघायचे. आणि हळूच म्हणायचे, "हो."

कोणी हाक मारली नसताना. कोणी काही विचारलं नसताना.

घरातल्यांना ती सवय वाटायची. पुढे म्हाताऱ्या माणसाची लकब.

"म्हणजे ती रोज विचारत होती," लतिकाताई मला म्हणाल्या. "त्रेपन्न वर्षं. आणि बाबा रोज खोटं बोलत होते."

सांगितल्यानंतर चौथ्या दिवशी मुकुंदराव गेले. दुपारचीच वेळ. लतिकाताई उशाशी होत्या. दोन वाजले. वडिलांनी दाराकडे मान वळवली. ओठ हलले.

"नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी सारं नाही सांगितलं बाई."

मग त्यांनी बराच वेळ कान देऊन ऐकलं. समोरून कोणीतरी काहीतरी सांगत असावं, तसं. मध्येच त्यांचे डोळे भरून आले.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

काय ऐकलं त्यांनी? माफी होती ती, की आणखी काही?

लतिकाताईंना ते कळलं नाही. त्या फक्त एवढंच सांगतात, की शेवटपर्यंत बाबांनी नजर वर केली नाही.